एक लाखाचे एक कोटी: पेनी शेअरच्या बातम्यांत वाचकाला न सांगितलेला भाग

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर, आणि त्याहून अधिक त्यांच्या मोबाइलवरील आवृत्त्यांत, एका ठरावीक साच्याची बातमी वारंवार दिसते. कोणत्या तरी कंपनीचा शेअर दोन-तीन वर्षांपूर्वी रुपया-दीड रुपयाला होता (अशा अगदी कमी भावाच्या शेअरला पेनी शेअर म्हणतात), आज तो शंभर-दीडशेला आहे, आणि म्हणून तेव्हा ज्याने एक लाख गुंतवले असते त्याचे आज एक कोटी झाले असते, असा हिशेब मथळ्यातच मांडलेला असतो. शेवटी बारीक अक्षरांत ‘हा गुंतवणुकीचा सल्ला नाही’ एवढे एक वाक्य असते. मी सांगलीत करसल्लागार म्हणून काम करते आणि दरवर्षी जून-जुलैत विवरणपत्रांच्या निमित्ताने तरुण अशिलांच्या शेअर व्यवहारांचे तपशील माझ्या टेबलावर येतात. या बातम्यांचा परिणाम मला त्या कागदांत स्पष्ट दिसतो, आणि म्हणून आपल्या वृत्तपत्राला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बातमीतला गुणाकार बरोबर असतो, परंतु त्या भावाला तेवढे शेअर मिळाले असते हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि पेनी शेअरच्या बाबतीत हे गृहीतच बहुधा खोटे ठरते. वायदे व्यवहार असलेले मोठे शेअर सोडले, तर प्रत्येक शेअरला एका दिवसात किती वर किंवा खाली जाता येईल याची मर्यादा असते. ती २, ५, १० किंवा २० टक्के असते आणि यालाच आपण सर्किट म्हणतो. रोज ५ टक्क्यांचे अप्पर सर्किट लागत गेले, तर साधारण पंधरा दिवसांच्या व्यवहारांत शेअर दुप्पट होतो. त्या पंधरा दिवसांत शेअर खरेदी-विक्रीच्या ॲपचा पडदा उघडून पाहावा. डाव्या बाजूला खरेदीदारांच्या ऑर्डरी लाखोंनी रांगेत असतात आणि उजवीकडे विक्रेत्यांच्या रकान्यात शून्य असते. आपण सकाळी नऊ वाजता टाकलेली ऑर्डर त्या रांगेच्या शेपटाला जाऊन बसते आणि साडेतीन वाजता रद्द होते. दुसऱ्या दिवशी भाव आणखी ५ टक्के वर गेलेला असतो आणि शेअर हातात आलेला नसतो. आपण मागे पडलो अशी हुरहूर मनात साठत जाते, आणि मग एक दिवस अचानक ऑर्डर पूर्ण झाल्याचा संदेश येतो. नवख्या माणसाला त्या क्षणी नशीब उघडल्यासारखे वाटते. वास्तविक रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत शेअर पोहोचले, याचा अर्थ त्या दिवशी कोणीतरी मोठ्या प्रमाणावर विकायला बसले आहे. त्यानंतर पडदा उलटा होतो. विक्रेते लाखोंनी, खरेदीदार शून्य, आणि रोज ५ टक्के खाली जाणारा शेअर विकायचा म्हटले तरी विकता येत नाही. चौदा दिवसांत निम्मी रक्कम जाते आणि त्या काळात एकदाही बाहेर पडण्याची संधी मिळेलच असे नाही.

दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत किती अंतर असू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात एलसिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून एकाच दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. त्या आठवड्यात ‘एक लाखाचे ६६९ कोटी’ असे संदेश मोबाइलवर फिरत होते आणि तशा बातम्याही आल्या. वस्तुस्थिती अशी की या कंपनीकडे एशियन पेंट्सचे मोठे भागभांडवल आहे आणि त्यामुळे तिच्या एकेका शेअरमागची मालमत्ता काही लाख रुपयांची आहे. असा शेअर तीन रुपयांना कोण विकेल? कोणी विकत नव्हते, म्हणूनच व्यवहार जवळपास होत नव्हते आणि जुना भाव तसाच दिसत राहिला होता. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या अशा कंपन्यांचा खरा भाव ठरावा म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जून २०२४ मध्ये विशेष लिलावाची सोय केली आणि त्या लिलावात हा नवा भाव ठरला. आता बातमीतला हिशेब तपासून पाहा. एक लाख रुपयांत ३ रुपये ५३ पैशांच्या भावाने २८ हजारांहून अधिक शेअर येतात. कंपनीचे एकूण शेअर दोन लाख आहेत. म्हणजे एक लाख रुपयांत कंपनीचा चौदा टक्के हिस्सा मिळाला असता, असे आपण वाचकांना सांगत होतो. ही भागिले-गुणिलेची चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ती बातमी छापण्यापूर्वी व्हायला हवी होती.

याच उदाहरणातून आणखी एक गैरसमज दूर करता येईल. शेअरचा भाव कमी म्हणजे कंपनी स्वस्त, असे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तरुणांना मनापासून वाटते. दोनशे कोटी शेअर काढलेल्या कंपनीचा शेअर एक रुपयाला असेल, तर बाजाराने तिची किंमत दोनशे कोटी रुपये केलेली आहे. ती स्वस्त की महाग हे तिचा धंदा, कर्ज आणि नफा पाहिल्याशिवाय ठरत नाही. ‘हजार रुपयांत एकच शेअर येण्यापेक्षा हजार शेअर आलेले बरे’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की अर्थसाक्षरतेच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात याच वाक्यापासून करावी, असे मला वाटते.

रांगेतल्या शेवटच्या माणसाला शेअर विकणारा कोण असतो, याचे उत्तर सेबीच्या आदेशांत तपशीलवार दिलेले आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात जुलै २०२२ पासून यूट्यूबवर दोन वाहिन्यांवरून खोट्या माहितीचे व्हिडिओ टाकण्यात आले. अदानी समूह ही कंपनी ताब्यात घेणार आहे, एका अमेरिकी कंपनीशी मोठा करार झाला आहे, अशी ती माहिती होती, आणि ते व्हिडिओ अधिक लोकांनी पाहावेत म्हणून जाहिरातींवर पैसे खर्च केलेले होते. आधी हातात गोळा केलेले शेअर मग या नव्या खरेदीदारांना विकले गेले. कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती, ती काही महिन्यांत पन्नास हजारांच्या पुढे गेली. सेबीचा अंतरिम आदेश मार्च २०२३ मध्ये आला, तर अंतिम आदेश मे २०२५ मध्ये. त्यात सुमारे ५८ कोटी रुपयांचा बेकायदा नफा व्याजासह जमा करण्यास सांगितले आहे. कारवाई झाली हे चांगलेच झाले. परंतु व्हिडिओ आणि अंतिम आदेश यांच्यामध्ये जवळपास तीन वर्षे गेली, आणि तोपर्यंत त्या पन्नास हजारांतल्या बहुतेकांनी आपल्या नावावरचा तोटा कधीच सोसून टाकला असेल.

इथेच ‘छोट्या रकमेने सुरुवात करा’ या सल्ल्याकडे बारकाईने पाहावे लागते, कारण तो ऐकायला अत्यंत समंजस वाटतो. पाच-दहा हजारच तर आहेत, गेले तर गेले, असे म्हणून माणूस चौकशी न करता खरेदी करतो, आणि तेच पैसे गेल्यावर पाच-दहा हजारांसाठी कोण तक्रार करणार, म्हणून गप्प बसतो. शेअर फुगवणाऱ्या ऑपरेटरला नेमका असाच खरेदीदार हवा असतो. एका श्रीमंत माणसाचे दहा कोटी बुडाले, तर तो वकील गाठतो. दहा हजार लोकांचे प्रत्येकी दहा हजार बुडाले, तर रक्कम तीच होते आणि आवाज कोणाचाच उठत नाही. सेबीच्या स्कोअर्स या यंत्रणेवर मोफत तक्रार करता येते, हेसुद्धा या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

छोट्या रकमेला खर्चही मोठा बसतो, आणि तो बातमीत कधीच येत नाही. समजा दहा हजार रुपये दहा कंपन्यांत हजार-हजार करून लावले. प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये दलाली घेणारा ब्रोकर असेल, तर खरेदीचे आणि विक्रीचे मिळून चाळीस रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, विक्री करताना डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे सुमारे पंधरा रुपये, आणि दोन्ही वेळचा उलाढाल कर एकेक रुपया. म्हणजे हजार रुपयांमागे चौसष्ट रुपयांच्या आसपास. शेअर सहा टक्क्यांहून अधिक वाढल्याशिवाय मुद्दलसुद्धा सुटत नाही. डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर आपल्या खात्यात घेऊन ठेवण्याच्या व्यवहारावर, दलाली न घेणारे ब्रोकर आहेत, हे खरे; पण डिमॅटचे शुल्क त्यांच्याकडेही लागतेच आणि पाचशे रुपयांचा शेअर विकणाऱ्याला ते तीन टक्क्यांनी पडते.

आणि मुख्य म्हणजे छोटी रक्कम छोटी राहत नाही. वाळवा तालुक्यातल्या एका तरुण अशिलाचे गेल्या आर्थिक वर्षाचे तपशील माझ्यासमोर होते. पहिल्या दहा हजारांतून त्याला थोड्याच दिवसांत अठराशे रुपये नफा झाला होता, तो त्याने काढूनही घेतला होता. पुढच्या नोंदींत एकाच कंपनीची खरेदी दिसत होती: ६ रुपये ८० पैशांना, मग ६ रुपये १० पैशांना, ५ रुपये २० पैशांना, ३ रुपये ९० पैशांना. प्रत्येक खरेदीची रक्कम आधीच्या खरेदीहून मोठी. भाव उतरला की आणखी घेऊन सरासरी खाली आणायची, ज्याला सगळे ‘ॲव्हरेज करणे’ म्हणतात, ते त्याने केले होते. त्यासाठी त्याने आधी स्वतःची आवर्ती ठेव मोडली आणि नंतर मोबाइलवरून वैयक्तिक कर्ज घेतले. तो माझ्याकडे आला तेव्हा शेअर १ रुपया ४५ पैशांवर होता. अभ्यासू मुलगा आहे, सातारा-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांचे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. परंतु ज्या कंपनीत त्याने पावणेदोन लाख घातले, तिचा वार्षिक अहवाल त्याने उघडलेला नव्हता, कारण सुरुवात दहा हजारांची होती आणि दहा हजारांसाठी अहवाल वाचण्याची गरज त्याला वाटली नव्हती. ऐंशी टक्क्यांच्या आसपास पडलेला शेअर मूळ भावाला यायचा तर त्याला आता जवळपास पाचपट व्हावे लागेल, हे मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

या ठिकाणी सुझलॉनचे नाव हमखास पुढे केले जाते, आणि तो आक्षेप खराही आहे. पुण्याची ही पवनऊर्जा कंपनी. तिचा शेअर २०२० च्या सुरुवातीला दोन रुपयांच्या आसपास होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ऐंशीच्या वर गेला. ज्यांनी तेव्हा घेतला त्यांना खरोखर पैसे मिळाले. परंतु हाच शेअर जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या पुढे होता, हे त्याच बातमीत का नसते? ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनी परकीय रोख्यांची परतफेड करू शकली नाही, आणि चारशेपासून दोनपर्यंतच्या उताराच्या प्रत्येक पायरीवर ‘आता आणखी किती पडणार’ म्हणून घेणारे लोक होते. शिवाय सुझलॉनकडे धुळे जिल्ह्यासारख्या ठिकाणी उभ्या असलेल्या पवनचक्क्या होत्या, कारखाने होते, ग्राहक होते. कंपनी कर्जाखाली दबली होती आणि कर्जाची फेररचना झाल्यावर ती सावरली. नावापुरते कार्यालय असलेल्या कंपनीला सुझलॉनच्या रांगेत बसवणे हा वाचकाचा सरळसरळ बुद्धिभेद आहे.

सावरू न शकलेल्या कंपनीचे उदाहरणही मुंबईचेच आहे. डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचा शेअर सप्टेंबर २०१८ पर्यंत सहाशेच्या वर होता. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जून २०२१ मध्ये पिरामल समूहाच्या योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हा तो वीस रुपयांच्या आसपास होता. भागधारकांना काहीही मिळणार नाही, हे त्या योजनेत स्पष्ट लिहिलेले होते. तरीही मंजुरीच्या बातमीनंतर काही दिवस शेअरची खरेदी चालूच होती, कारण ‘मोठा उद्योगपती कंपनी घेतोय’ एवढाच मथळा लोकांपर्यंत पोहोचला होता. मग व्यवहार थांबले आणि शेअरची किंमत शून्य झाली.

करसल्लागार म्हणून आणखी एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. २००४ पासून २०१८ पर्यंत शेअरवरील दीर्घ मुदतीचा भांडवली नफा करमुक्त होता. त्या सवलतीचा फायदा घेऊन काळा पैसा पांढरा करण्यासाठी कित्येक पेनी शेअर ठरवून चढवले गेले आणि ठरवून पाडले गेले. प्राप्तिकर खात्याच्या कोलकाता येथील अन्वेषण विभागाने अशा शेअरची मोठी यादीच तयार केली होती. त्या यादीतल्या शेअरवर ज्यांनी नफा दाखवला त्यांना नोटिसा गेल्या, आणि त्यांत केवळ भाव चढतोय म्हणून शिरलेले आणि योगायोगाने वेळेत बाहेर पडलेले लोकही सापडले. खरेदी चेकने झाली, शेअर डिमॅटमध्ये आले, विक्री बाजारातच झाली, हे सगळे सिद्ध करत त्यांना अपिलांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणजे अशा शेअरमध्ये नफा झाला तरी प्रश्न संपतोच असे नाही. तोटा झाला, तर निदान तो विवरणपत्रात मुदतीत दाखवावा. तसे केले तर डिलिव्हरीतला तोटा आठ वर्षे पुढे ओढून भावी भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पण त्यासाठी शेअर विकला जावा लागतो, आणि व्यवहारच बंद पडलेल्या कंपनीचा शेअर विकणार कोणाला? असे शेअर माझ्या कित्येक अशिलांच्या खात्यांत पडून आहेत.

धोक्याची सूचना देणारी व्यवस्था अस्तित्वात नाही असे मुळीच नाही. २०१७ पासून बाजारांनी अवाजवी चढलेल्या शेअरसाठी टप्प्याटप्प्याच्या देखरेखीची पद्धत आणली, जिला जीएसएम म्हणतात. तिच्या वरच्या टप्प्यांत शेअरचा व्यवहार आठवड्यातून एकदाच होतो आणि खरेदीदाराला जादा ठेव भरावी लागते. पुढच्या वर्षी एएसएम ही दुसरी पद्धत आली. ज्या कंपन्यांविषयी घाऊक संदेश आणि व्हिडिओ पसरवले जात आहेत, त्यांच्या याद्याही दोन्ही बाजार प्रसिद्ध करतात. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शेअर बाजाराचे ‘शिक्षण’ देणाऱ्यांना तीन महिन्यांच्या आतले भाव वापरण्यास मनाई केली. हे सगळे चांगले आहे. मात्र खरेदी करणाऱ्या माणसाला ॲपच्या कोपऱ्यात तीन इंग्रजी अक्षरांची एक छोटी खूण दिसते, आणि त्याच वेळी मराठी मथळा त्याला मोठ्या अक्षरांत एक कोटीचा आकडा दाखवत असतो. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दहापैकी सात व्यक्तींना तोटा झाला, आणि अशा व्यवहारांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास केवळ पेनी शेअरचा नव्हे, पण आपल्या मथळ्यांचा वाचक कोण आहे हे त्यावरून कळते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ‘तेव्हा घेतले असते तर’ अशा धर्तीच्या बातम्या आपण शक्यतो छापूच नयेत. छापायच्याच असतील, तर त्या चढत्या काळात रोज प्रत्यक्ष किती शेअरची उलाढाल झाली, शेअर देखरेखीच्या कोणत्या टप्प्यात आहे, प्रवर्तकांनी आपला हिस्सा विकला किंवा गहाण ठेवला आहे का, आणि लेखापरीक्षकाने अहवालात काही शेरा मारला आहे का, एवढी माहिती मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात द्यावी. ही सर्व माहिती बाजारांच्या नोंदींत सार्वजनिक असते. ती मिळवायला बातमीदाराला अर्धा तास पुरतो. ज्या शेअरची स्तुती छापली, त्याचे वर्षभराने काय झाले हेही त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत यावे. शेअर बाजाराच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती घेताना जाहिरातदाराकडे सेबीच्या नोंदणीचा क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा.

यासोबत देखरेखीच्या याद्यांत नव्याने आलेल्या कंपन्यांची नावे आठवड्यातून एकदा, सोमवारच्या अंकात, मराठीतून छापता येतील. त्यासाठी एक स्तंभ पुरेसा आहे. या याद्यांतील संज्ञांचे सोप्या मराठीत स्पष्टीकरण लिहून देण्याचे काम मी विनामूल्य करण्यास तयार आहे, आणि सांगली-कोल्हापूर भागातील माझे काही सहव्यावसायिकही त्यासाठी वेळ देण्यास तयार आहेत. आपण होकार कळवल्यास पहिल्या यादीचा मजकूर आठवड्याभरात पाठवता येईल.

आपली विश्वासू,
एक करसल्लागार, सांगली